उंबरठ्याची उंची

चर्चच्या भिंतीजवळ आल्या की त्या आधी उजव्या हातातला हातमोजा काढायच्या. भिंतीत, जमिनीपासून गुडघाभर उंचीवर, सुपारीएवढ्या डोक्याचा एक लोखंडी बोल्ट बसवलेला आहे. गावातले लोक आयुष्यभर त्याच्यासमोरून जातात, पण तो कुणाला दिसत नाही. या बाई त्याच्यावर अंगठा टेकवायच्या आणि हळू आवाजात म्हणायच्या, "हं, आहेस ना जागेवर?"

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, चर्चचीच काही रीत असेल. नंतर कळलं, की हा बोल्ट समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ते सरकारी नोंदीत मिलिमीटरपर्यंत लिहिलेलं असतं, आणि गावातल्या कुठल्याही घराची उंची काढायची तर सुरुवात त्याच्यापासून करावी लागते. त्या सर्व्हेयर होत्या. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'मोजणीबाई' ठेवलं. आमच्या घरात शेवटपर्यंत तेच नाव चाललं. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते उच्चारायला सासूबाईंना जमलं नाही आणि मलाही इथे लिहायचं नाही.

आम्ही बॉनपासून अर्ध्या तासावरच्या एका लहान गावात घर घेतलं, त्याची ही गोष्ट. मी आणि मंदार दोघंही सॉफ्टवेअरमधले, पुण्याचे. सात वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढल्यावर आम्हाला बाग असलेलं घर मिळालं आणि आम्ही हरखून गेलो. बागेच्या मागून एक ओढा वाहतो. घर बघायला गेलो त्या दिवशी त्यात घोटाभर पाणी होतं आणि दोन बदकं पोहत होती. आमची सई तेव्हा आठ वर्षांची. तिने बदकं पाहिली आणि घर ठरलं.

विमा कंपनीने मात्र बदकं पाहिली नव्हती. त्यांच्या नकाशात आमची गल्ली गडद निळी होती. निळी म्हणजे पूरक्षेत्र. पुराचा विमा हवा असेल तर घराच्या उंचीचा दाखला आणा, असं त्यांचं पत्र आलं. माणसं राहतात असा घरातला सगळ्यात खालचा मजला समुद्रसपाटीपासून किती वर आहे, हे अधिकृत सर्व्हेयरने मोजून सही करून द्यायचं. नकाशातल्या पुराच्या रेषेपेक्षा तो वर निघाला तर विमा, नाहीतर नाही.

मंदार म्हणाला, "एक आकडा आणि एक सही. तासाभराचं काम."

मोजणीबाई मे महिन्यातल्या एका सकाळी आल्या. साठी ओलांडलेली, उंच, काटक बाई. पांढरे बारीक कापलेले केस, अंगात नारिंगी जाकीट, कानावर पेन्सिल. दारातच त्यांनी सांगितलं, की त्यांच्या मदतनिसाची पाठ धरली आहे आणि पट्टी धरायला कुणीतरी लागेल.

"तुमच्याकडे सरळ उभं राहू शकेल असं कुणी आहे का?"

आमच्याकडे सासूबाई होत्या. त्या सांगलीच्या. पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका. वर्षातून एकदा तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे यायच्या, आणि आल्यापासून आपल्याला काही काम नाही म्हणून कुरकुरायच्या. मी विचारायच्या आत त्या पायात बूट घालून तयार होत्या. साडी, वर मंदारचं जाकीट, डोक्याला स्कार्फ, आणि हातात त्यांच्या दुप्पट उंचीची आकड्यांची पट्टी. मोजणीबाईंनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "गेनाऊ. अगदी अशीच."

मग सुरू झाली ती मोजणी. चर्चपासून आमच्या घरापर्यंत चारशे मीटरही अंतर नसेल. पण ते एका दमात मोजता येत नाही. थोडं पुढे जायचं, तिपाईवर दुर्बीण ठेवायची, मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, पुढच्या जागेवर पट्टी न्यायची, तिथला आकडा वाचायचा. पट्टी मातीवर टेकवत नाहीत. तिच्याखाली लोखंडाची एक जड, बुटकी बैठक ठेवतात. तिला जर्मनमध्ये बेडूक म्हणतात हे ऐकून सई इतकी खूश झाली, की शाळेला सुट्टी असल्यामुळे ती दिवसभर आमच्याबरोबरच राहिली. आजीचं मराठी तिला समजायचं, उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. त्या दिवशी तीच दुभाषी होती.

दुपारी एकच्या सुमाराला आम्ही घरापर्यंत पोचलो. मी मनात जेवणाची तयारी करू लागले. मोजणीबाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "आता परत चर्चपर्यंत."

"का? विसरलं का काही?"

"नाही. जाताना मोजलं, तसं येतानाही मोजायचं. दोन्ही आकडे जुळले तर खरं."

परत चर्चपर्यंत गेलो. त्यांनी भिंतीला टेकून बेरजा-वजाबाक्या केल्या. नऊ मिलिमीटरचा फरक निघाला. त्यांनी आभाळाकडे पाहिलं. बारीक पाऊस सुरू झाला होता. त्या म्हणाल्या, "नॉख माल." म्हणजे, पुन्हा एकदा. हा त्यांचा आवडता शब्द. पुढे सासूबाईंनी जर्मनमधला तेवढाच एक शब्द उचलला आणि सईच्या पाढ्यांपासून माझ्या पोळ्यांपर्यंत सगळीकडे वापरला.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "नऊ मिलिमीटर म्हणजे माझ्या करंगळीच्या नखाएवढं. त्याने काय बिघडणार आहे?"

त्या रागावल्या नाहीत. वही पुढे करून म्हणाल्या, "कुठेतरी एक चूक झाली आहे. ती किती मोठी आहे हे मला माहीत नाही. मला तिचे फक्त नऊ मिलिमीटर दिसले आहेत."

तुम्हीही अशी माणसं कुठेतरी पाहिली असतील. नंतर कितीतरी दिवस त्यांचं वाक्य आपल्या डोक्यात फिरत राहतं. मी प्रोग्राम लिहिते. माझ्या हातून गेलेल्या कितीतरी नऊ मिलिमीटरांची मला त्या पावसात आठवण झाली.

दुसऱ्या फेरीत, बेकरीच्या कोपऱ्यावर सासूबाई अचानक थांबल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. मला म्हणाल्या, "अगं, मघाशी इथे एक सायकलवाला आला. त्याला वाट द्यायला मी तो बेडूक उचलला होता. पण परत तिथेच ठेवला हं. अगदी तिथेच."

सईने ते जर्मनमध्ये सांगितलं. मला वाटलं, आता बाई वैतागणार. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि वहीत त्या जागी एक बारीक खूण केली. खोडरबर त्या कधी वापरायच्या नाहीत. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारायच्या आणि बरोबर आकडा शेजारी लिहायच्या, चूकही दिसली पाहिजे म्हणून. मग त्या सासूबाईंच्या जवळ आल्या आणि त्यांचा खांदा थोपटला.

"आजीला सांग," त्या सईला म्हणाल्या, "माझ्याकडे आजवर अनेक मदतनीस झाले. स्वतःहून सांगणारे फार थोडे."

सासूबाई उरलेला दिवस पट्टी अशी धरून होत्या, की जणू राष्ट्रगीत चालू आहे.

या वेळी फरक एका मिलिमीटरचा आला. आमचा उंबरठा पुराच्या रेषेपेक्षा एकतीस सेंटिमीटर वर निघाला. मंदारने टाळीच वाजवली. मोजणीबाई म्हणाल्या, "आता खालची खोली."

आमच्या घराला अर्ध्या तळघरात एक खोली आहे. आधीच्या मालकाने तिथे छान फरशी, हीटिंग, स्वतंत्र बाथरूम असं सगळं करून घेतलं होतं. खिडकी गल्लीच्या पातळीवर. वरच्या मजल्याचा लांब जिना चढायला नको म्हणून आम्ही ती सासूबाईंना दिली होती. दुपारी दोन ते चार त्या तिथे पडायच्या. पलंगाशेजारी त्यांचा चष्मा, जपमाळ, पाण्याचा तांब्या.

मोजणीबाई दारात उभ्या राहिल्या. मोजायची गरजच नव्हती. खोली रेषेच्या दीड मीटर खाली होती.

मंदार म्हणाला, "ही आम्ही साठवणीची खोली म्हणून दाखवली तर? कागदावर?"

"इथे कोण झोपतं?"

"आई. पण वर्षातून तीनच महिने."

"मग ही साठवणीची खोली कशी?"

"फक्त दाखल्यापुरतं म्हणतोय मी."

त्यांनी दार एकदा उघडलं, एकदा लावलं. ते आत उघडणारं नव्हतं, बाहेर जिन्याकडे उघडणारं होतं. मग मंदारला आत उभं केलं आणि बाहेरून दाराला आपला गुडघा लावून म्हणाल्या, "ढकला." त्याने ढकललं. दार हललं नाही. "हा माझा गुडघा आहे. जिन्यातून गुडघाभर पाणी आलं तर ते याच्यापेक्षा कितीतरी जोरात दाबेल. आणि खिडकीतून आत शिरणारं पाणी तुम्ही पोचायची वाट बघणार नाही."

सासूबाईंना शब्द कळले नव्हते, पण मुलगा दाराआड अडकलेला त्यांनी पाहिला होता. त्या कृष्णाकाठच्या. पाणी म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायला नको होतं.

मोजणीबाई म्हणाल्या, "मी साठवणीची खोली असं लिहीन. आनंदाने लिहीन. पण आधी ती तशी करा. झाली की कळवा. मी येऊन बघेन आणि मग सही करेन."

मला त्या वेळी त्यांचा राग आला, हे लपवत नाही. सासूबाईंना वर आणायचं म्हणजे माझी कामाची खोली जाणार. माझं टेबल झोपायच्या खोलीत कोंबावं लागणार. तरी त्या शनिवारी आम्ही पलंग उचलला. तळघरात तांदळाची पोती, सुटकेसी, सईची जुनी सायकल गेली. त्या आल्या, पाहिलं, सही केली. आठवड्याभरात विम्याचा होकार आला.

एवढ्यावर त्यांचं काम संपलं होतं. पण जूनमध्ये त्या पुन्हा दारात उभ्या. "इथून जात होते," म्हणाल्या. आमची गल्ली पुढे बंद होते, तिथून कुठेच जाता येत नाही. मी चहा ठेवला. त्या जिना उतरून खाली गेल्या आणि लगेच वर आल्या. चहा पिताना सासूबाई त्यांना चकलीचं ताट पुढे करत होत्या आणि त्या एकेक चकली उचलून तिचे वेढे मोजत होत्या. निघताना म्हणाल्या, "गुट." म्हणजे, छान. बस, तेवढंच.

पाऊस जुलैच्या सुरुवातीला आला. दोन दिवस एका लयीत पडत राहिला. तिसऱ्या दिवशी दुपारी मी घरून काम करत होते. मंदार ऑफिसात, सई टेकडीवरच्या शाळेत. सासूबाई वरच्या खोलीत झोपल्या होत्या. तीनच्या सुमाराला आधी एक विचित्र वास आला, डिझेल आणि चिखलाचा मिळून. मग खालून काच फुटल्याचा आवाज आला.

मी जिन्याच्या तोंडाशी गेले. तळघराच्या दारापुढे पाणी नुसतं आलेलं नव्हतं, ते चढत होतं. एक पायरी बुडाली. मी बघता बघता दुसरी बुडाली. दार बंद होतं आणि त्याच्या आतून काहीतरी जोरात आदळत होतं. ती सईची सायकल होती. चहाला उकळी यायला लागतो तेवढ्या वेळात तळघर छतापर्यंत भरलं.

मी धावत वर गेले. सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या.

"आई, पाणी आलंय."

"ऐकलं मी." त्यांनी चष्मा लावला. त्या फरशीकडे बघत म्हणाल्या, "किती वाजले गं?"

"सव्वातीन."

त्यांनी माझा हात धरला. दोन ते चार.

बाहेरच्या तीन पायऱ्यांपैकी दोन बुडाल्या. तिसरी कोरडी राहिली. संध्याकाळपर्यंत पाणी ओसरायला लागलं. गल्लीतल्या कुणाच्या जिवाला काही झालं नाही, पण खालच्या बाजूच्या घरांमध्ये कमरेएवढा चिखल होता.

पुरानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सगळी गल्ली फावडी आणि बादल्या घेऊन बाहेर पडली होती. आणि टोकाकडून आवाज आला, "भिंती पुसू नका! आधी मला मोजू द्या!"

गमबूट, नारिंगी जाकीट, खांद्यावर तिपाई. पट्टी धरायला कुणी नव्हतं. सासूबाईंनी हातातलं फावडं माझ्याकडे दिलं आणि जाऊन पट्टी उचलली.

त्या प्रत्येक घराच्या भिंतीवर पाण्याने सोडलेली तपकिरी रेघ मोजत होत्या. त्यांनी मला सांगितलं, की नकाशातली रेषा जुन्या पावसांवरून काढलेली आहे आणि पाणी तिच्यावर चढलं. कुठे किती चढलं हे आत्ताच मोजलं नाही, तर लोक भिंती धुतील, रंगवतील, आणि पुढच्या नकाशात पुन्हा तीच रेषा येईल.

"पण आमचा आकडा तर बरोबर निघाला," मी म्हटलं.

"उंबरठ्याचा आकडा बरोबर होता. रेषा चुकीची होती. ती मी काढलेली नाही, पण तिच्याशी तुलना करून मी सही केली होती. तुमच्याकडे एक पायरी उरली हे तुमचं नशीब. माझं काम नव्हे ते."

मग बेकरीवाल्या बाईने मला बाजूला घेतलं. मोजणीबाईंचं घर ओढ्याच्या खालच्या अंगाला, पुढच्या गावात होतं. तळमजला अख्खा गेला होता. चाळीस वर्षांच्या मोजणीच्या वह्या खालच्या खोलीत होत्या. दुर्बीण गाडीत होती म्हणून वाचली.

मी त्यांच्याकडे गेले. "तुमचं घर?"

"ओलं आहे," त्या म्हणाल्या. दुर्बिणीवरचा डोळा त्यांनी काढला नाही. "वाळेल. या रेघा मात्र उद्या नसतील."

दुपारी सासूबाईंनी कॅम्पिंगच्या शेगडीवर उपमा केला आणि त्यांना दटावून पायरीवर बसवून खाऊ घातला. मग त्या घरात गेल्या आणि एक वाटी घेऊन बाहेर आल्या. वाटीत तांदूळ. पोती सगळी पाण्यात गेली होती, स्वयंपाकघरातल्या डब्यात होते तेवढेच. नारळ नव्हता म्हणून एक सफरचंद.

मी हळूच म्हटलं, "आई, त्यांचं लग्न, यजमान... आपल्याला काही माहीत नाही."

"मला विचारायचंही नाही," त्या म्हणाल्या. "मी तरी कुठे सवाष्ण आहे? आज मी ओटी भरणार आहे."

सासूबाईंनी खुणेने त्यांना जाकिटाचा घेर पुढे धरायला सांगितला. मोजणीबाईंनी चिखलाच्या हातांनी तो धरला. सासूबाईंनी पाच वेळा ओंजळ भरून तांदूळ घातले, वर सफरचंद ठेवलं, आणि कपाळाला हळदकुंकू लावलं. गल्लीतले लोक फावडी टेकून बघत होते.

"हे काय आहे?" त्यांनी सईला विचारलं.

सईने थोडा विचार केला. मग जर्मनमध्ये म्हणाली, "आजी म्हणते, तुमची झोळी कधी रिकामी राहू नये."

बाईंनी मान खाली घातली. तीन दिवसांत त्या पहिल्यांदा रडल्या असाव्यात. मग एकेक दाणा सांडू न देता त्यांनी तांदूळ खिशात भरले, डोळे पुसले आणि सासूबाईंकडे बघून म्हणाल्या, "नॉख माल?" आणि दोघी पुढच्या भिंतीकडे गेल्या.

त्या उन्हाळ्यात त्यांनी ओढ्याकाठची चार गावं मोजली. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षभराने सरकारी कचेरीने नवीन नकाशा काढला तेव्हा त्यात त्यांच्या रेघा होत्या. निळा रंग पुष्कळ पसरला होता. आणि त्यात सगळ्यात गडद निळ्या जागी त्यांचं स्वतःचं घर होतं.

लोक म्हणाले, दुरुस्त करा, उंच करा, विमा मिळेल. त्यांनी घर पाडायला काढलं. जमीन गावाला दिली, एका अटीवर, की तिथे पुन्हा काही बांधायचं नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्या बॉनमध्ये एका तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहत होत्या. मी म्हटलं, "तुमच्या आईवडिलांचं घर होतं ते. इतकं करायची गरज होती का?"

त्यांनी मला कॉफी दिली. "तुमच्या सासूबाईंना मी पलंग हलवायला लावला," त्या म्हणाल्या. "मग स्वतःला वेगळं काय सांगणार होते?"

गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्यांनी विचारलं, "त्रास नाही ना झाला फार?" मी म्हटलं, "नाही, झोपेत गेल्या." त्या म्हणाल्या, "बरं झालं," आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी पुन्हा केला आणि तेच विचारलं.

या मार्चमध्ये टेकडीवरचं बर्फ वितळलं आणि ओढा पुन्हा चढला. मी आणि सई चालत पुढच्या गावापर्यंत गेलो. जिथे त्यांचं घर होतं तिथे आता कुरण आहे. ओढ्याचं पाणी काठ सोडून त्या कुरणात शिरलं होतं आणि दूरवर पसरून संथ उभं होतं, कुणाच्याही दारात न जाता. मधोमध एक बगळा उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंतही नव्हतं.